गाठ की व्रण : मेंदूचा तुकडा रंगवून होणारी पारख

ग्लायोमा ही मेंदूतली गाठ आणि ग्लायोसिस हा मेंदूच्या इजेनंतर उरणारा व्रण. दोन्ही एकाच कुळातल्या पेशींपासून होतात. संदेश वाहून नेणाऱ्या चेतापेशींच्या जोडीला मेंदूत त्यांना आधार देणाऱ्या आणि त्यांचे पोषण सांभाळणाऱ्या ग्लिया पेशी असतात. त्यांतल्या ताऱ्यासारखे फाटे असणाऱ्या पेशींना तारकापेशी म्हणतात. मेंदूला मार लागला, एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटला, जंतुसंसर्ग झाला किंवा परजीवी अळी येऊन मेली, की त्या जागेभोवतीच्या तारकापेशी फुगतात, फाटे वाढवतात आणि इजा झालेल्या भागाभोवती दाट जाळे विणतात. हा ग्लायोसिस. तो रोग नसतो. रोगाला मेंदूने दिलेला प्रतिसाद असतो. याच कुळातल्या पेशींची वाढ जनुकीय बिघाडामुळे आवरेनाशी झाली, की तयार होतो तो ग्लायोमा.

दोघांची बाह्य लक्षणे पुष्कळदा सारखीच असतात. पहिली खूण बहुधा फिट येणे ही असते, आणि एमआरआयवर दोन्ही ठिकाणी पांढरट डाग दिसू शकतो. उपचार मात्र अगदी वेगळे आहेत. उच्च श्रेणीच्या ग्लायोमाला शस्त्रक्रियेनंतर सहसा ६० ग्रे एवढे किरण ३० भागांत विभागून देतात आणि सोबत टेमोझोलोमाइड हे औषध चालते. एवढे किरण निव्वळ व्रणावर पडले, तर धडधाकट मेंदूची कायमची हानी होते. उलट गाठीला व्रण समजून रुग्णाला घरी पाठवले, तर उपचाराचे मोलाचे महिने हातचे जातात. म्हणूनच संशय उरला की मेंदूचा लहानसा तुकडा काढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो.

वऱ्हाडातील रुग्ण आणि संशयाची यादी

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, चिखली किंवा जळगाव जामोदच्या एखाद्या तरुणाला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली आणि मेंदूच्या चित्रात एक डाग दिसला, तर डॉक्टरांसमोरची यादी युरोपातल्या डॉक्टरांच्या यादीहून वेगळी असते. भारतात या यादीत क्षयाची गाठ, म्हणजे ट्यूबरक्युलोमा, आणि मेंदूतील सिस्टिसर्कस, म्हणजे फीतकृमीची अळी, ही दोन नावे बरीच वर येतात. ग्लायोमा, जुना पक्षाघात आणि चेतातंतूंचे आवरण नष्ट करणारे आजार त्यांच्यासोबत असतातच.

हा प्रश्न महाराष्ट्रात फार पूर्वीच ऐरणीवर आला. सीटी स्कॅन अजून निघालेही नव्हते, तेव्हा १९६५ साली एच. एम. दस्तूर आणि ए. डी. देसाई यांनी मेंदूतील क्षयाच्या गाठी आणि ग्लायोमा यांच्या प्रत्येकी १०७ रुग्णांच्या नोंदी शेजारी ठेवून त्यांची तुलना ‘ब्रेन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. डी. के. दस्तूर, व्ही. एस. ललिता आणि व्ही. प्रभाकर यांनी १९६८ साली कवटीच्या आत जागा व्यापणाऱ्या १,००० विकृतींचा ऊतींच्या पातळीवरचा अभ्यास मांडला. त्या मालिकेच्या पहिल्याच लेखात क्षयाच्या गाठींचा स्वतंत्र विचार आहे. क्षयाची गाठ आणि कर्करोगाची गाठ यांतला फरक हा इथल्या मेंदूविकारांच्या अभ्यासाचा पायाच होता.

पुढे सीटी स्कॅन आले आणि फिट येणाऱ्या रुग्णांमध्ये एकुलता एक, लहान, कडेने चमकणारा डाग वारंवार दिसू लागला. तो क्षयाचाच असणार असे धरून क्षयाची औषधे सुरू करण्याचा प्रघात होता. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील मॅथ्यू चांडी, वेदांतम राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे डाग शस्त्रक्रियेने काढून तपासले, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच डागांत सिस्टिसर्कस सापडला. ऊतींच्या तपासणीने देशभरातल्या उपचारांची दिशा बदलली, याचे हे ठळक उदाहरण.

तुकडा काचेवर येईपर्यंत

मेंदूतून काढलेला तुकडा पुष्कळदा तांदळाच्या दाण्याएवढाच असतो. शस्त्रक्रिया चालू असतानाच त्यातला कणभर भाग दोन काचपट्ट्यांमध्ये दाबून पसरवतात आणि टोल्युइडिन ब्लू किंवा हिमॅटॉक्सिलिन-इओसिनने काही मिनिटांत रंगवतात. त्यावरून सर्जनला एवढे कळते, की तुकडा काढणारी सुई योग्य जागी पोहोचली आहे की अजून पुढे जायला हवे. तुकडा गोठवून काप काढण्याचीही पद्धत आहे. पण मेंदूत पाण्याचे प्रमाण जास्त असल्याने गोठवताना बर्फाचे स्फटिक होतात, केंद्रके वेडीवाकडी आणि टोकदार दिसू लागतात, आणि साधा व्रणही गाठीसारखा भासतो. म्हणून सगळा तुकडा कधीच गोठवत नाहीत. निदान अर्धा भाग तरी नीट स्थिरीकरणासाठी राखून ठेवतात.

राखलेला भाग १० टक्के बफर केलेल्या फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्याच्या दहापट द्रावणात बुडवतात. फॉर्मॅलिन पेशींतली प्रथिने जागच्या जागी बांधून ठेवते आणि कुजणे थांबवते. पुढे अल्कोहोलने पाणी काढणे, झायलीनने अल्कोहोल काढणे आणि वितळलेल्या पॅराफिन मेणात मुरवणे अशा पायऱ्या होतात. मेण थिजल्यावर जो ठोकळा तयार होतो, त्याला प्रयोगशाळेत ‘ब्लॉक’ म्हणतात. मायक्रोटोम यंत्राच्या पात्याने त्याचे ४ ते ५ मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर घेतात. मेंदूचा काप मुळात जवळजवळ रंगहीन असतो. त्यातले काहीही दिसायचे तर रंग द्यावाच लागतो.

जांभळा आणि गुलाबी

पहिला रंग नेहमी हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन यांच्या जोडीचा. हिमॅटॉक्सिलिन मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या लाकडातून मिळते. तुरटीच्या क्षाराशी संयोग झाल्यावर ते केंद्रकातील आम्लांना चिकटते आणि केंद्रके निळसर जांभळी होतात. इओसिनमुळे पेशीद्रव आणि तंतू गुलाबी होतात. एवढ्या दोन रंगांवर अनुभवी पॅथॉलॉजिस्ट निम्म्याहून अधिक वाट चालून जातो, कारण व्रण आणि गाठ यांतला पहिला फरक पेशींच्या मांडणीत असतो.

ग्लायोसिसमध्ये तारकापेशी संख्येने थोड्या वाढलेल्या असतात, पण त्यांच्यातले अंतर बऱ्यापैकी सारखे असते. बुलढाण्याच्या काळ्या रानात फुलीवर टोबलेली कपाशी जशी ठरावीक अंतरावर उगवते, तशा या पेशी आपापली जागा राखून उभ्या दिसतात. प्रत्येकीचे पेशीद्रव भरपूर, गुलाबी आणि फुगलेले असते. त्यातून लांब, निमुळते होत जाणारे फाटे चारी दिशांना गेलेले असतात. केंद्रक मोठे झालेले असले, तरी त्याची कड गुळगुळीत आणि आतले द्रव्य विरळ असते.

ग्लायोमाच्या घुसखोर कडेवर चित्र बदलते. केंद्रके कुठे दाटीने तर कुठे विरळ पसरलेली असतात. त्यांचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत, कडा ओबडधोबड असतात आणि रंग गडद असतो. पेशीद्रव इतके कमी दिसते, की गुलाबी तंतूंच्या चटईवर नुसती उघडी केंद्रके टाकल्यासारखी वाटतात. गाठीच्या पेशी चेतापेशींभोवती घोळका करतात, रक्तवाहिन्यांच्या कडेने सरकतात आणि मेंदूच्या पृष्ठभागाखाली थर करून साचतात. हान्स योआखिम शेरर यांनी १९३८ साली या रचनांचे बारकाईने वर्णन केले, म्हणून त्या त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. सूक्ष्म पोकळ्या आणि चुन्याचे कण हेही गाठीच्या बाजूचे पुरावे आहेत. पेशीविभाजनाच्या आकृत्या गाठीकडे बोट दाखवतात, पण ताज्या इजेतही त्या अधूनमधून सापडतात.

या पाहणीतली सर्वांत उपयोगी सावधगिरीची खूण म्हणजे भक्षकपेशी. त्या गोल असतात, त्यांची कड स्पष्ट असते आणि पेशीद्रव फेसाळ असते. मेंदूचा नष्ट झालेला भाग खाऊन साफ करणे हे त्यांचे काम. उपचार न झालेल्या साध्या ग्लायोमात त्यांचे थवे सहसा नसतात. म्हणून काचेवर भक्षकपेशी भरपूर दिसल्या, तर ‘ग्लायोमा’ हा शब्द लिहिण्यापूर्वी रक्तपुरवठा तुटलेला भाग, आवरण नष्ट करणारा आजार आणि संसर्ग यांचा विचार आधी करावा, असा पॅथॉलॉजीतला दंडक आहे.

चांदी आणि सोन्याचे रंग

ग्लिया पेशींचे फाटे जांभळ्या-गुलाबी रंगांत पुरते उमटत नाहीत. ते दाखवण्यासाठी शास्त्रज्ञांनी धातूंचे क्षार वापरले. कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ साली चांदीच्या क्षाराने संपूर्ण चेतापेशी काळी रंगवून दाखवली. सांतियागो रामोन इ काहाल यांनी १९१३ साली सोने आणि पारा यांच्या क्षारांची पद्धत शोधली. तिने तारकापेशी फाट्यांसह उठून दिसू लागल्या. त्यांचे शिष्य पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी चांदीच्या कार्बोनेटने १९१९ साली मायक्रोग्लिया आणि १९२१ साली ऑलिगोडेंड्रोग्लिया या पेशी वेगळ्या काढून दाखवल्या. ग्लिया पेशींच्या जाती अशा रंगांमुळे निश्चित झाल्यावरच, १९२६ साली पर्सिव्हल बेली आणि हार्वी कुशिंग यांनी पेशींच्या जातीनुसार ग्लायोमांचे वर्गीकरण मांडले. मात्र हे रंग लहरी असत. द्रावणात, तापमानात किंवा वेळेत थोडा फरक पडला तरी ते बिघडत. शिवाय ते पेशीची जात सांगत, तिची नियत सांगत नसत.

प्रतिपिंडांचे रंग

विशिष्ट प्रथिनालाच चिकटणारे प्रतिपिंड वापरून काप रंगवण्याची पद्धत आल्यावर हे काम नव्या टप्प्यावर गेले. कापावर प्रतिपिंड सोडतात, ते आपल्या प्रथिनाला धरते, आणि पुढच्या रासायनिक क्रियेने त्या जागी तपकिरी रंग साचतो. उरलेली केंद्रके हिमॅटॉक्सिलिनने फिकट निळी ठेवतात. या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात.

तारकापेशींचे ओळखचिन्ह म्हणजे जीएफएपी हे प्रथिन. लॉरेन्स एंग आणि सहकाऱ्यांनी ते १९७१ साली प्रसिद्ध केले. ते मिळाले होते मल्टिपल स्क्लेरोसिस या चेतातंतूंचे आवरण नष्ट करणाऱ्या आजाराच्या जुन्या, व्रणाने भरलेल्या चट्ट्यांतून, म्हणजे ग्लायोसिसमधूनच. त्यामुळे जीएफएपीचा तपकिरी रंग व्रणातही येतो आणि गाठीतही. तरी तो निरुपयोगी नाही. व्रणात तो फाट्यांच्या टोकापर्यंत भरतो आणि प्रत्येक पेशीचा तारा पूर्ण दिसतो. गाठीच्या कडेवर पुष्कळदा तपकिरी तारे थोडेच असतात आणि त्यांच्या मधल्या जागेत न रंगलेली, गडद, वेडीवाकडी केंद्रके दिसतात. अशा ठिकाणी तारे हे मेंदूचा प्रतिसाद असतात आणि निळी केंद्रके गाठीची.

केआय-६७ हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या पेशींच्या केंद्रकांतच असते. योहानेस गेर्डेस आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली त्याचे प्रतिपिंड वर्णिले. रंगलेल्या केंद्रकांचे प्रमाण जास्त असेल, तर गाठीचा संशय बळावतो. मात्र कमी श्रेणीच्या ग्लायोमात हे प्रमाण व्रणाइतकेच थोडे असू शकते. शिवाय दाहात आलेल्या लसिकापेशी आणि मायक्रोग्लियाही विभागत असतात. त्यामुळे रंगलेले केंद्रक नेमके कोणत्या पेशीचे आहे, हे पाहिल्याशिवाय नुसता आकडा वाचणे धोक्याचे.

खरी कलाटणी २००८ साली मिळाली. ग्लायोब्लास्टोमा या उच्च श्रेणीच्या ग्लायोमाच्या जनुकांच्या व्यापक तपासणीत आयडीएच-१ या जनुकात बदल सापडला. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनात १३२व्या स्थानी आर्जिनीनऐवजी दुसरे अमिनो आम्ल, बहुधा हिस्टिडिन, येते. जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या गटाने या बदललेल्या प्रथिनालाच चिकटणारे एच-०९ हे प्रतिपिंड तयार केले आणि २०१० साली ते ग्लायोमा व ग्लायोसिस वेगळे ओळखण्यासाठी वापरून दाखवले. व्रण कितीही जुना वा दाट असला, तरी त्याच्या तारकापेशींत हा जनुकीय बदल नसतो. म्हणून एच-०९ने रंगवलेल्या कापात चेतापेशी, रक्तवाहिन्या आणि प्रतिसादी तारकापेशी निळ्याच राहिल्या आणि त्यांच्यामध्ये विखुरलेल्या मोजक्या पेशी ठळक तपकिरी झाल्या, तर त्या पेशी गाठीच्याच. जांभळ्या-गुलाबी कापात ज्या पेशीकडे नजर गेली नसती, अशी एखादी एकटी पेशीही या रंगाने पकडता येते.

याची उलट बाजूही ध्यानात ठेवावी लागते. प्रौढांतील आयडीएच-बदल असलेल्या ग्लायोमांपैकी सुमारे ९० टक्क्यांत नेमका हाच बदल असतो. उरलेल्या १० टक्क्यांत दुसरा असल्याने एच-०९ चिकटत नाही. उतारवयातल्या ग्लायोब्लास्टोमात आणि लहान मुलांच्या बहुतेक ग्लायोमांत तर आयडीएचचा बदल नसतोच. रंग आला तर गाठ आहे. पण रंग आला नाही म्हणून गाठ नाही, असे म्हणता येत नाही.

एटीआरएक्सची रीत उलटी आहे. हे प्रथिन निरोगी केंद्रकांत असते, म्हणून ती तपकिरी होतात. तारकापेशींच्या बऱ्याच ग्लायोमांत, म्हणजे ॲस्ट्रोसायटोमांत, ते नाहीसे होते आणि गाठीची केंद्रके निळी राहतात. त्याच कापातील रक्तवाहिन्यांची केंद्रके तपकिरी झाली असतील, तरच ही अनुपस्थिती खरी मानायची. नाहीतर रंग देण्याची क्रियाच फसलेली असते. पी-५३ हे प्रथिन पुष्कळ केंद्रकांत ठळक दिसले तर ते गाठीच्या बाजूचे, पण प्रतिसादी पेशींतही ते फिकट आणि तुरळक दिसते. मुलांच्या मेंदूच्या मध्यरेषेवरील ग्लायोमांसाठी हिस्टोन प्रथिनातील एच-३ के-२७-एम हा बदल दाखवणारे प्रतिपिंड असेच निर्णायक ठरते.

हुबेहूब गाठीसारखे दिसणारे आजार

काही आजार गाठीचे रूप इतके बेमालूम घेतात, की एखाद्या रंगावर भरवसा ठेवणारा फसतोच. चेतातंतूंचे मायलिन आवरण नष्ट करणाऱ्या आजारात कधीकधी मोठा, सूज आणणारा डाग होतो. त्यातल्या फुगलेल्या तारकापेशींत केंद्रकाचे द्रव्य कणाकणांनी विखुरलेले असते आणि ते विकृत विभाजनासारखे दिसते. अशा पेशींना क्रॉइट्झफेल्ट पेशी म्हणतात. इथे तीन रंगांची साथ लागते. लक्सॉल फास्ट ब्लू हा १९५३ सालचा रंग मायलिन निळे करतो. आजाराच्या जागी हा निळा रंग रेषा मारल्यासारखा संपतो. न्यूरोफिलामेंटच्या प्रतिपिंडाने अक्षतंतू मात्र बरेचसे शाबूत दिसतात. सीडी-६८ने भक्षकपेशींची गर्दी उघड होते. रक्तपुरवठा तुटलेल्या भागात मायलिनबरोबर अक्षतंतूही गेलेले असतात. ग्लायोमात गाठीच्या पेशी अक्षतंतूंच्या मधून वाट काढत गेलेल्या दिसतात आणि मायलिन असे धारदार रेषेवर तुटत नाही.

दुसरा फसवा प्रकार लांब, केसांसारख्या तंतूंच्या दाट ग्लायोसिसचा. क्रॅनिओफॅरिंजिओमासारख्या हळू वाढणाऱ्या गाठीच्या भिंतीलगत तो होतो आणि त्यात रोझेंथल तंतू हे चकचकीत लाल दांडके सापडतात. मुलांच्या पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमातही हेच तंतू असतात. सुई शेजारच्या व्रणातच थांबली, तर खरी गाठ राहते बाजूला आणि चुकीचे नाव लागते.

किरणोपचारानंतर काही महिन्यांनी त्याच जागी नवा डाग उमटला, तर गाठ परतली की किरणांमुळे मेंदू नष्ट झाला, हा पेच पडतो. किरणांनी रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड व काचेसारख्या होतात आणि तारकापेशी राक्षसी आकाराच्या होतात. मूळ गाठीत आयडीएचचा बदल असेल, तर एच-०९ने उरलेल्या गाठीच्या पेशी वेगळ्या काढता येतात. त्या अजून वाढत आहेत की नुसत्या उरल्या आहेत, याचा निर्णय पेशींची दाटी, विभाजन आणि एमआरआय यांच्या आधाराने करावा लागतो.

संसर्गाचा शोध

कापात व्रण आणि दाह दिसला, तर पुढचा प्रश्न त्याच्या कारणाचा. क्षयाच्या गाठीत एपिथेलॉइड पेशींचे पुंजके, लँगहान्सच्या महापेशी आणि चिजासारखा मृत भाग असतो. झील-नील्सन पद्धतीने क्षयाचे जंतू निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांसारखे दिसतात. ते इतके थोडे असू शकतात, की बराच वेळ चिकाटीने शोधावे लागतात. पीएएस आणि चांदीच्या मेथेनामिन रंगाने बुरशी दिसते. सिस्टिसर्कसच्या बाबतीत मात्र खास रंगापेक्षा खोलवरचे काप कामी येतात. पहिल्या कापात नुसता ग्लायोसिस असतो, आणि ब्लॉक आणखी कापत गेल्यावर अळीची लाटदार भिंत किंवा तिचे आकडे समोर येतात.

अहवाल कसा वाचावा

‘ग्लायोसिस’ एवढाच शब्द असलेला अहवाल म्हणजे गाठ नसल्याचे प्रमाणपत्र नव्हे. गाठीभोवतीही ग्लायोसिसचे वलय असते आणि सुई कडेवर थांबली तर तेवढेच हाती येते. एमआरआयमध्ये वाढणारा, सूज आणणारा डाग असेल आणि काचेवर नुसता व्रण असेल, तर या दोहोंचा मेळ बसेपर्यंत निदान अपुरे समजायचे. म्हणूनच पॅथॉलॉजिस्टला रुग्णाचे वय, फिट कधीपासून येतात, पूर्वीचे उपचार, स्टिरॉइड दिले होते का, आणि डाग मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागात आहे, हे कळवणे आवश्यक असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या वर्गीकरणात ऊतींचे रूप आणि जनुकीय बदल मिळून एकत्रित निदान लिहायचे असते. प्रतिपिंडांच्या रंगांनी उत्तर मिळाले नाही, तर त्याच ब्लॉकमधून डीएनए काढून टर्ट आणि ईजीएफआर ही जनुके, ७ आणि १० ही गुणसूत्रे किंवा १पी-१९क्यू हे गुणसूत्रांचे भाग यांची तपासणी करता येते.

बुलढाणा जिल्ह्यासाठी या सगळ्याला व्यावहारिक अर्थ आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत बुलढाण्याचेही होते, आणि पॅथॉलॉजी हा विषय जिल्ह्यातच शिकवण्याची सोय झाली. मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र इथले रुग्ण अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा मुंबईची वाट धरतात. तुकडा एका गावी निघतो, अहवाल दुसऱ्या गावी तयार होतो आणि किरणोपचार तिसऱ्या ठिकाणी ठरतात. या प्रवासात रुग्णासोबत राहिली पाहिजे अशी वस्तू म्हणजे मेणाचा ब्लॉक आणि रंगवलेल्या काचा. अहवालाचा कागद हरवला तर दुसरी प्रत मिळते. ब्लॉक हरवला तर पुन्हा रंग देण्याची, आणखी खोल काप काढण्याची आणि जनुकीय तपासणीची सोय जाते, आणि क्वचित मेंदूवर दुसऱ्यांदा सुई घालावी लागते. नीट जपलेला ब्लॉक वर्षानुवर्षे टिकतो. रुग्णालय सोडताना नातेवाइकांनी ब्लॉक आणि काचा कुठे ठेवल्या आहेत हे विचारून घ्यावे आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असेल तेव्हा एमआरआयच्या चित्रांसह त्या न्याव्यात. व्रण की गाठ हा निवाडा एका रंगाने होत नाही. प्रत्येक रंग एका मर्यादित प्रश्नाचे उत्तर देतो, आणि ती उत्तरे एकमेकांशी आणि रुग्णाच्या प्रकृतीशी ताडून पाहिल्यावरच निदान पक्के होते.